पिकअपची ऑईल गळती: आधी धुवा, मग शोधा, शेवटी पाना लावा

कांद्याच्या हंगामात पहाटे सोलापूरच्या मार्केट यार्डात गाड्यांच्या रांगेतून चाललं, की बऱ्याच पिकअपखाली काळे डाग दिसतात. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मागचा सील गेलाय, हंगाम संपला की गिअरबॉक्स उतरवायचाय." सील गेलाय हे ठरवलं कशावरून? डाग गिअरबॉक्सजवळ पडतो एवढ्यावरून.

मीही हेच केलं होतं. गिअरबॉक्स उतरवला, क्रँकचा (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) मागचा सील बदलला, दोन दिवस गाडी उभी राहिली, भाडं बुडालं. तिसऱ्या दिवशी त्याच जागी तोच थेंब. मग दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी टॉर्च घेतला, इंजिनच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मालक, ऑईल कधी वर चढत नाही. वर बघा." टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून ऑईल झिरपत होतं आणि ब्लॉकवरून ओघळत क्लच हाऊसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या खोक्यावर) उतरत होतं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय.

पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमानं करा. क्रम मोडला की खर्च दोनदा होतो.

## टप्पा १: गळतंय ते इंजिन ऑईलच आहे का?

रात्री गाडी सपाट जागेवर लावा. इंजिनपासून गिअरबॉक्सच्या शेवटापर्यंत पुरेल एवढा मोठा पुठ्ठा खाली सरकवा. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा उत्तम. पुढची चाकं कुठं येतात ते पुठ्ठ्यावर पेननं आखून ठेवा, म्हणजे सकाळी थेंब नेमका कशाखाली पडला ते कळतं. नुसत्या जमिनीवरच्या डागाचा उपयोग नाही. तो कालचा की गेल्या महिन्यातला, आपल्या गाडीचा की शेजाऱ्याच्या, कसं सांगणार?

सकाळी थेंब बोटावर घ्या.

काळा, बोटात सरकणारा असेल तर इंजिन ऑईल. डिझेल गाडीत ऑईल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, त्यामुळं काळा रंग म्हणजे ऑईल खराब झालं असं नाही. तपकिरी, जाड आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑईल. लालसर किंवा फिकट आणि पातळ असेल तर बहुधा पॉवर स्टिअरिंगचं. हिरवं किंवा गुलाबी, चिकट आणि गोडसर वासाचं ते कुलंट. ते विषारी असतं, चाखून बघू नका, आणि कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू देऊ नका.

जवळजवळ पारदर्शक किंवा पिवळसर, आणि पाण्यात मिसळून जाणारं द्रव असेल तर ते ब्रेकचं किंवा क्लचचं. अशी गाडी हलवू नका, गळती जागेवरच दुरुस्त करून घ्या.

सगळ्यात फसवतं ते डिझेल. पंपाच्या किंवा इंजेक्टरच्या पाइपातून डिझेल गळतं, इंजिनवरच्या जुन्या काळ्या थरातून वाहतं आणि खाली काळं होऊनच पडतं. वास घ्या. थेंब कागदावर टाका: डिझेल पटकन पसरतं, आणि काळ्या कडेच्या आत कागद हळूहळू सुकतो. ऑईलचा डाग तेलकटच राहतो.

तपासा: पुठ्ठ्यावर दोन वेगळ्या जागी थेंब असतील तर गळत्या दोन असू शकतात. दोन्हींवर नंबर टाकून ठेवा.

## टप्पा २: ऑईलची पातळी आणि ब्रीदर

हा टप्पा सगळेच टाळतात. खरं तर निम्मं उत्तर इथंच मिळतं.

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून १० मिनिटं झालेली. गेजची काडी काढा, पुसा, पुन्हा घाला, मग वाचा. ऑईल वरच्या खुणेच्या वर असेल तर गळतीचं कारण तिथंच असू शकतं. जास्त ऑईलमध्ये क्रँक घुसळतो, फेस होतो, आतला दाब वाढतो आणि ऑईल सापडेल त्या फटीतून बाहेर येतं. "थोडं जास्त टाकलं तर बरंच" हा समज सोडा. जास्तीचं ऑईल काढून पातळी बरोबर करा आणि दोन दिवस गाडी चालवून बघा.

न टाकताच पातळी वाढली असेल तर गोष्ट वेगळी. काडीचा वास घ्या. डिझेलचा वास आला तर डिझेल आत मिसळतंय, दुधाळ चॉकलेटी रंग दिसला तर पाणी. असं ऑईल घेऊन गाडी पळवली तर बेअरिंग जातील. गळती बाजूला ठेवा, आधी हे बघा.

आता ब्रीदर. पिस्टनच्या बाजूनं थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीत, उतरतो. तो बाहेर काढणारा पाइप बहुतेक गाड्यांत टॅपेट कव्हरवरून निघून हवेच्या पाइपात जातो. तो पाइप पिचला, मातीनं-चिकट्यानं तुंबला, किंवा कुणी "धूर येतो" म्हणून बोळा कोंबून बंद केला, की आतला दाब सीलवर येतो. नवा सील घातला तरी तोही गळणार.

पाइप काढा, आतून रॉकेलनं धुवा, फुंकून बघा. वाटेत ऑईल गाळणारं भांडं किंवा व्हॉल्व्ह असेल तर तोही साफ करा, बिघडला असेल तर बदला. मग इंजिन आयडलवर (रेस न देता) ठेवून ऑईल भरायचं झाकण हळूच सैल करा. पूर्ण उचलू नका, काही इंजिनांत खालून गरम ऑईल उडतं. थोडी फुंकर येणं डिझेल इंजिनला साहजिक आहे. झाकण थडथड उडत असेल आणि धुराचा सलग लोट येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा घासल्यात किंवा टर्बोमार्गे दाब आत येतोय. अशा इंजिनात सील बदलणं म्हणजे फुटक्या कौलाखाली पातेलं ठेवणं. आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या.

सावधान: झाकणाजवळ वाकताना गळ्यातला गमछा, सैल बाही, हातातलं कडं काढून ठेवा. फॅन आणि पट्टा विचारून ओढत नाहीत.

## टप्पा ३: इंजिन धुणं

आपल्या भागातली काळी माती आणि ऑईल मिळून जो लेप बसतो, त्याखाली काहीही दिसत नाही. त्यामुळं धुतल्याशिवाय बोट दाखवणारा मिस्त्री कितीही नावाजलेला असो, तो अंदाजच सांगतोय.

१. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. मे महिन्यात उन्हात लावलेली गाडी दुपारी गार होतच नाही, तेव्हा हे काम सकाळी सातला करा.

२. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, हवेच्या फिल्टरचं तोंड, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि वायरिंगची सॉकेटं प्लास्टिकच्या पिशवीनं झाका, वरून रबर बांधा.

३. खालचा संरक्षक पत्रा असेल तर काढा. तो ठेवला तर ऑईल त्यावर साचतं आणि भलत्याच भोकातून पडतं. कित्येक निदानं या एका पत्र्यापायी चुकतात.

४. जाड लेप लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. मग डिग्रीझर किंवा रॉकेल ब्रशनं चोळा आणि १०-१५ मिनिटं मुरू द्या.

५. साध्या पाण्याच्या धारेनं वरून खाली धुवा. वॉशिंग सेंटरला जायचंच असेल तर त्याला सांगा: धार लांबून, आणि पुलीमागच्या सीलवर, अल्टरनेटरवर, सॉकेटवर नको.

६. हवेनं सुकवा. पिशव्या काढा. कोपरे कापडानं पुसा, विशेषतः टॅपेट कव्हरची मागची कड, फिल्टरची बैठक आणि क्लच हाऊसिंगचा जोड.

सावधान: धुवायला पेट्रोल कधीही वापरू नका. रॉकेल वापरलं तर ते पूर्ण सुकल्याशिवाय सेल्फ मारू नका.

## टप्पा ४: उगम शोधणं

तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीनंतर टॉर्चनं तपासणी.

पहिली फेरी जागेवर: इंजिन १५ मिनिटं आयडल. दुसरी रस्त्यावर: पुणे रस्त्यानं पाकणीच्या बाजूला जाऊन परत या, साधारण २०-२५ किलोमीटर नेहमीच्या वेगानं. तिसरी लोडवर: काही गळत्या रिकाम्या गाडीत दिसतच नाहीत. नेहमीचा माल भरून तुळजापूरचा घाट चढून आलात की टर्बोच्या पाइपांची आणि सीलची खरी परीक्षा होते. पहिल्या फेरीत उगम सापडला तर पुढच्या दोन नकोत.

बघायचं कसं? चालत्या गाडीत वारा ऑईलला मागं ढकलतो आणि ते वजनानं खाली उतरतं. म्हणून ओला भाग कुठं सुरू होतो ते शोधा, सगळ्यात जास्त ओलं कुठं आहे ते नव्हे. ओल्या पट्ट्याचं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं टोक हा तुमचा संशयित. त्याच्या खालचं सगळं त्याच्यामुळं ओलं झालेलं असू शकतं.

इंजिनच्या मागं डोकं जात नाही. मोबाइलचा फ्लॅश लावून व्हिडिओ काढा, पण इंजिन बंद करून. संशय असेल तिथं सुकं टाल्कम पावडर ब्रशनं शिंपडा आणि पाच-दहा मिनिटं इंजिन चालवा. पांढऱ्या पावडरवर ऑईलची रेघ कुठून निघते ते लख्ख दिसतं. अतिनील टॉर्च आणि ऑईलमध्ये टाकायचा रंगही मिळतो. बारीक गळतीला तो चांगला, पण दहातल्या नऊ वेळा मला डब्यातली पावडर पुरली आहे.

वरून खाली या क्रमानं बघत चला. आधी ऑईल भरायच्या झाकणाचा रबर आणि टॅपेट कव्हरची पूर्ण कड. मग टर्बोला ऑईल नेणारा बारीक पाइप, त्याच्या बोल्टाचे तांब्याचे वॉशर, आणि टर्बोखालच्या परतीच्या पाइपाचं पॅकिंग. त्यानंतर ऑईल प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक, ऑईल कूलर. अनेक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो आणि त्याला ऑईलचा पाइप असतो. तिथला होज क्लिपजवळ चिरतो, ऑईल अल्टरनेटरमध्ये जातं, आणि मालक चार्जिंगची तक्रार घेऊन इलेक्ट्रिशियनकडे फिरत राहतो. शेवटी खाली: टायमिंग कव्हर, पुलीमागचा पुढचा सील, चेंबरची कड, ड्रेन बोल्ट, आणि क्लच हाऊसिंगचं खालचं भोक.

इंटरकूलरच्या (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाइपात आतून ऑईलचा हलका थर दिसला तर घाबरू नका, तो ब्रीदरमधून येतो. पाइपातून ऑईल ओतलं जात असेल तर मात्र टर्बो तपासा.

तपासा: सापडलेल्या जागेचा फोटो काढा, मग ती जागा पुसा आणि १० मिनिटं इंजिन चालवा. पुन्हा तिथूनच ओलं झालं तरच पाना उचला.

## टप्पा ५: सोप्या जागा आधी

गाडीखाली जायचं असेल तर जॅकच्या भरवशावर जाऊ नका. गाडी दोन स्टँडवर टेकवा, मागच्या चाकांना गुटके लावा. उन्हाळ्यात आपल्याकडं डांबर मऊ पडतं आणि काळ्या रानात तर जॅक सरळ आत जातो, म्हणून जॅक आणि स्टँड दोन्हींखाली जाड फळी घाला.

ड्रेन बोल्ट. बहुतेकदा जुना वॉशर परत वापरलेला असतो. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा दबला की दबला. दर ऑईल बदलाला नवा घाला. गळतंय म्हणून बोल्ट आणखी आवळत राहिलात तर चेंबरचा आटा जातो. आटा गेलाच असेल तर टेफ्लॉन टेप गुंडाळून दिवस काढू नका, लेथवर नवा आटा पाडून घ्या.

फिल्टर. जुन्या फिल्टरचा रबर कधीकधी बैठकीलाच चिकटून राहतो आणि त्यावर नवा चढवला जातो. दोन रबर एकावर एक बसले की ऑईल जोरात बाहेर येतं, थोड्याच वेळात इंजिन जाऊ शकतं. बैठक बोटानं चाचपा. नव्या रबराला ऑईलचं बोट लावा, रबर टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा फिरवा. फिल्टरवर काही वेगळं छापलेलं असेल तर तसं करा. पट्टा-पाना फिल्टर काढण्यासाठी असतो, घट्ट करण्यासाठी नव्हे.

प्रेशर स्विच. सॉकेट काढा. आत ऑईल असेल तर स्विच आतून फुटलाय, आवळून उपयोग नाही, बदलाच.

टर्बोचे पाइप. बोल्ट काढला की दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घाला. इथं सिलिकॉन अजिबात नको. त्याचा तुकडा आत गेला तर टर्बोचं ऑईल बंद होतं, आणि टर्बोची किंमत तुम्हाला माहीत आहे.

सावधान: टर्बोवर किंवा सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर ऑईल ठिबकत असेल तर गाडी चालवू नका. जळका वास हा आगीच्या आधीचा वास आहे.

## टप्पा ६: टॅपेट कव्हरचं पॅकिंग

सगळ्यात जास्त वेळा गळणारी आणि सगळ्यात जास्त वेळा बिघडवली जाणारी जागा.

१. कव्हर खोलायच्या आधी आजूबाजूची धूळ हवेनं उडवा. खोलल्यावर उडवलीत तर ती कॅमशाफ्टवर जाईल.

२. वाटेतल्या वायरी आणि पाइप काढा, प्रत्येकाला चिकटपट्टी लावून नाव लिहा, फोटो घ्या. उच्च दाबाचे डिझेल पाइप मध्ये येत असतील तर काम जाणत्या मिस्त्रीकडे द्या. कॉमन रेलच्या पाइपात कचऱ्याचा कण गेला तरी इंजेक्टर धरतो.

३. बोल्ट बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे करून सैल करा. बोल्टांची लांबी वेगवेगळी असते. पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्या त्या जागी भोकात खोचून ठेवा.

४. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीनं कडेला हलके ठोका. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा म्हणजे कायमची गळती.

५. बैठक प्लास्टिकच्या पट्टीनं साफ करा, आतल्या उघड्या जागा स्वच्छ कापडानं झाका. पॉलिश पेपर वापरू नका, त्याची रेती इंजिनात पडते. शेवटी क्लीनरनं पुसून पूर्ण कोरडं करा.

६. कव्हर सपाट काचेवर ठेवून बघा. प्लास्टिकचं असेल तर उष्णतेनं वाकलेलं किंवा बोल्टाजवळ तडकलेलं असू शकतं. वाकलेल्या कव्हरला कोणतंच पॅकिंग पुरत नाही.

७. नवं रबरी पॅकिंग खाचेत कोरडंच बसवा. पूर्ण कडेला सिलिकॉन फासण्याची सवय इथंच नडते: रबर घसरतं आणि बोल्ट आवळताना बाहेर निघतं. फक्त जिथं दोन भागांचा जोड येतो, उदाहरणार्थ टायमिंग कव्हर आणि हेड मिळतात तो कोपरा, तिथं मॅन्युअल सांगत असेल तर सिलिकॉनचा एक ठिपका. बोल्टाखालचे रबरी वॉशर आणि इंजेक्टर कव्हरमधून जात असतील तर त्यांचे सीलही याच वेळी नवे घाला.

८. सगळे बोल्ट आधी हातानं, मग मध्यातून बाहेरच्या दिशेनं दोन-तीन फेऱ्यांत. सहा एमएमच्या बोल्टाला साधारण ८ ते १० न्यूटन मीटर एवढाच जोर लागतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये. टॉर्क पाना नसेल तर छोट्या पान्यानं, मनगटाच्या जोरावर. खांद्याचा जोर लावणाऱ्याच्या हाती हे काम देऊ नका.

## टप्पा ७: चेंबर

आधी खात्री करा की चेंबर खरंच गळतोय. वरचं सगळं ऑईल शेवटी याच कडेवर येऊन लटकतं, त्यामुळं याच्यावर खोटे आरोप फार होतात.

ऑईल कोमट असताना काढा. उकळत्या ऑईलनं हात भाजतात आणि गार ऑईल पूर्ण निथळत नाही. बोल्ट काढताना समोरासमोरचे दोन शेवटपर्यंत ठेवा, म्हणजे चेंबर अंगावर येत नाही. सिलिकॉननं धरलेला असेल तर पातळ पात्यानं कडेनं कापत जा. काही गाड्यांत पुढचा क्रॉस मेंबर किंवा स्टिअरिंगचा रॉड आड येतो. तिथं इंजिन थोडं उचलावं लागतं आणि ते घरच्या अंगणातलं काम नाही.

चेंबर हातात आला की दोन गोष्टी बघा. पहिली, ऑईल पंपाची जाळी. आधीच्या माणसानं सिलिकॉन भरभरून लावलं असेल तर त्याचे किडे जाळीला चिकटलेले दिसतील. दुसरी, बोल्टाच्या भोकांभोवतीचा पत्रा. जास्त आवळल्यानं तो आत दबलेला असतो, मग बोल्टाजवळ पॅकिंग चिरडतं आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट राहते. पत्रा लाकडी ठोकळ्यावर उलटा ठेवून हळूहळू ठोकून सपाट करा. पॅकिंग कितीही भारी आणा, पत्रा सरळ नसेल तर पैसे वाया.

दोन्ही कडा पूर्ण कोरड्या हव्यात. ब्लॉकमधून ऑईल बराच वेळ निथळत राहतं, घाई करू नका. चहा घेऊन या, पुन्हा पुसा, पुन्हा बघा. कंपनीनं पॅकिंग दिलं असेल तर पॅकिंग, सिलिकॉन सांगितलं असेल तर ऑईल सोसणारं सिलिकॉन. "जास्त सेफ" म्हणून दोन्ही नको. सिलिकॉनची रेघ साधारण ३ एमएम जाडीची, कुठंही न तुटता, बोल्टाच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. ट्यूबवर सांगितलेल्या वेळेत चेंबर लावा, बोल्ट फुलीच्या क्रमानं आवळा.

सावधान: सिलिकॉन लावल्यावर तासाभरात ऑईल भरून गाडी पळवणं ही गॅरेजमधली सगळ्यात कॉमन चूक. ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा, शक्यतो रात्रभर जाऊ द्या. आणि वाळलेल्या सिलिकॉनचे बोल्ट नंतर "एकदा बघतो" म्हणून पुन्हा आवळू नका, पकड तुटते.

## टप्पा ८: क्रँकचे सील

पुढचा सील. पुलीमागं ऑईलचा फवारा गोल उडालेला दिसतो. पुली काढा, सील शाफ्टला ओरखडा न पाडता काढा. मग शाफ्टवर नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर नवा सीलही त्याच खाचेवर बसून गळेल. त्यावर पातळ बाही (स्लीव्ह) चढवता येते, किंवा जागा असेल आणि मॅन्युअल परवानगी देत असेल तर सील एक-दोन एमएम मागं-पुढं बसवता येतो. टायमिंग बेल्ट किंवा चेन उघडी पडत असेल तर खुणा जुळवल्याशिवाय काही फिरवू नका.

जुना सील दुकानात घेऊन जा. त्यावर बहुतेकदा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. काही सीलवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाणही असतो. स्वस्त साधं रबर आणि जास्त उष्णता सोसणारं व्हायटॉन यांत इंजिनच्या सीलसाठी काटकसर करू नका. साध्या रबरी सीलच्या ओठाला ऑईल लावून बसवतात. टेफ्लॉनच्या ओठाचा सील मात्र कोरडाच, सोबत आलेल्या बाहीवरून बसवायचा. हा फरक न पाळल्यानं नवेकोरे सील पहिल्याच दिवशी गळतात. ठोकताना पूर्ण कडेवर टेकेल असा पाइपाचा तुकडा वापरा. एका बाजूनं हातोडी मारली की सील तिरका बसतो.

मागचा सील. हे निदान सगळ्यात शेवटी, बाकी सगळं कोरडं दिसल्यावरच. क्लच हाऊसिंगच्या खालच्या भोकातून येणारं ऑईल बोटावर घ्या. काळं असेल तर इंजिनचं, तपकिरी आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचं. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, पण सील वेगळा. उतरवण्याआधी टॅपेट कव्हरची मागची कड आणि हेडची पाठ पुन्हा एकदा कापडानं पुसून बघा. माझ्या अनुभवाची आठवण ठेवून तरी बघा.

हे काम गिअरबॉक्स जॅक असलेल्या गॅरेजातच करून घ्या. उतरलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग तपासून घ्या. क्लच प्लेटला ऑईल लागलेलं असेल तर ती धुऊन परत घालू नका, महिन्याभरात स्लिप होईल. मिस्त्रींना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा: फ्लायव्हीलला काढण्यापूर्वी खूण करा, आणि काढलेला सील मला दाखवा. सीलचा ओठ मऊ आणि बाहेरची बाजू कोरडी असेल तर गळती दुसरीकडं आहे, आणि हे जोडणी होण्याआधी कळलेलं बरं.

बाटलीतलं "लीक स्टॉप" टाकून बघावं का, असं बरेच जण विचारतात. ते कडक झालेल्या रबराला थोडं फुगवतं, त्यामुळं सीलची बारीक गळती काही दिवस कमी होऊ शकते. चिरलेलं पॅकिंग, वाकलेला पत्रा, गेलेला आटा यांवर त्याचा काही उपयोग नाही.

## टप्पा ९: भरणं आणि तपासणं

ऑईलचा ग्रेड मॅन्युअलमधलाच. बऱ्याच डिझेल पिकअपना १५ डब्ल्यू ४० चालतं, पण बीएस ६ गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं ऑईल लागतं. साधं घातलं तर तो फिल्टर तुंबतो. गळती थांबावी म्हणून जाड ऑईल घालणं हा तोडगा नाही, सकाळी सेल्फ मारल्यावर ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो.

आधी खालच्या खुणेच्या थोडं वर येईल एवढंच भरा. इंजिन चालू करा, रेस देऊ नका. ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करा आणि कारण शोधा. विझला तर दोन-तीन मिनिटं आयडल, बंद, १० मिनिटं थांबा, काडी बघा, मग वरच्या खुणेपर्यंत भरा. हे चालू असतानाच खाली टॉर्च मारून नवे जोड बघून घ्या.

मग ५० किलोमीटरनंतर एकदा आणि ५०० किलोमीटरनंतर एकदा पुठ्ठा घाला. पुठ्ठ्यावर तारीख आणि मीटरचं रीडिंग लिहा. कॉर्कचं पॅकिंग असेल तर ५०० किलोमीटरला बोल्ट हलके तपासता येतात, रबरी पॅकिंगला मात्र ते नको. संरक्षक पत्रा या दुसऱ्या तपासणीनंतरच परत लावा.

काढलेलं जुनं ऑईल डब्यात साठवा आणि परवानाधारक खरेदीदाराकडं किंवा ते घेणाऱ्या गॅरेजकडं द्या. बांधावर, गटारात किंवा दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून फासायला नको.

५०० किलोमीटरचा पुठ्ठा कोरडा निघाला तर काम झालं. त्यावर एखादा थेंब असेल तर तो जुन्या जागेखालचाच आहे का ते आखलेल्या खुणेवरून बघा. धुताना कोपऱ्यात राहून गेलेलं ऑईलही पहिले काही दिवस ठिबकतं, तेव्हा पुसून आणखी एक रात्र पुठ्ठा घाला आणि मगच मिस्त्रींना फोन लावा.